दारात उभी पोरं : मावळातली काही टिपणे

बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० सालच्या १० नोव्हेंबरला खुला झाला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीतलं हे काम. त्याच वर्षी ६ एप्रिलला अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, फेएट नावाच्या खेड्यात, जोसेफ स्मिथ या चोवीस वर्षांच्या तरुणाने एक नवा ख्रिस्ती पंथ स्थापन केला. त्या पंथाचं स्वतःचं नाव लांबलचक आहे. जग त्यांना मॉर्मन म्हणतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध यायला बावीस वर्षं लागली. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा एक स्कॉटिश मॉर्मन धर्मप्रचारक मुंबईत उतरला आणि त्याच वर्षी पुण्याला गेला.

तेव्हा घाटात रूळ नव्हते. रेल्वेचं काम पुढे १८५६ मध्ये सुरू झालं आणि गाडी घाट चढू लागली ती १८६३ च्या एप्रिलात. फिंडलेच्या काळी मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस भरतीची वेळ साधून होडीने पनवेलला उतरे. पुढे बैलगाडी, तट्टू किंवा पालखी, जशी ऐपत असेल तशी. खोपोलीपासून चढण, वर खंडाळा, मग लोणावळा, कार्ला, वडगाव आणि शेवटी खडकी. पुण्याला जायचं तर मावळ टळत नाही. आज एक्स्प्रेस-वेवरून तासाभरात हा पट्टा मागे पडतो, म्हणून त्या काळच्या चालण्याची कल्पना येत नाही. खंडाळ्याच्या अमृतांजन पुलाच्या जागी उभं राहून खाली पाहिलं, की थोडी येते.

*

फिंडलेला पाठवणारा माणूस होता लॉरेन्झो स्नो. तो इटलीत प्रचार करत होता आणि तिथून त्याने दोघांना हिंदुस्थानात धाडलं: विल्यम विल्सला कलकत्त्याला आणि फिंडलेला मुंबईला. हाच स्नो पुढे १८९८ मध्ये त्या पंथाचा प्रमुख झाला.

गाठीला पैसा न बांधता निघायचं, जो देईल त्याचं खायचं, अशी त्या पहिल्या मॉर्मनांची रीत होती. आपल्याकडे भिक्षेची परंपरा असल्यामुळे हे ऐकायला ओळखीचं वाटतं. पण आपला भिक्षेकरी ज्या दारात उभा राहतो, त्या दारातल्या माणसाला तो कोण ते ठाऊक असतं. फिंडलेला ओळखणारं पुण्यात कुणी नव्हतं. त्याने छावणीतल्या गोऱ्या सोल्जरांपासून सुरुवात केली, कारण त्यांची भाषा त्याला येत होती. लष्करी अधिकाऱ्यांना ते खपलं नाही आणि त्याला छावणीत बंदी झाली. आपल्याच देशाच्या, आपल्याच येशूला मानणाऱ्या माणसांनी दार लावून घेतलं, तेव्हा तो छावणीबाहेरच्या देशी वस्तीत राहायला गेला आणि मराठी शिकायला लागला.

मला तो माणूस आवडायला लागतो तो इथे. त्याचा धर्म मला पटत नाही. पण दारं बंद झाल्यावर चिडून परत न जाता शेजारच्या वस्तीची भाषा शिकायला बसणं, याला मी मोठी गोष्ट मानतो.

*

तेव्हाचं पुणं नुसतं डोळ्यांसमोर आणून पाहावं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघून वीसेक वर्षं झाली होती. त्या कोशाला हातभार लावणारे मेजर कँडी पुण्यातच शिक्षणाच्या कामात होते. १८५२ च्या १६ नोव्हेंबरला जोतीराव फुल्यांचा मुलींच्या शाळांसाठी सरकारी सत्कार झाला. जोतीराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. मिशनरी काय चीज असते हे त्यांना आतून माहीत होतं. त्यांनी शाळा घेतली, प्रश्न विचारायची हिंमत घेतली, धर्म मात्र घेतला नाही. त्याच शहरात, त्याच सुमारास फिंडले एकेक मराठी अक्षर गिरवत होता.

*

मे महिन्यातल्या एका सोमवारी लोणावळ्याहून पुण्याला जाणाऱ्या लोकलमध्ये मळवलीला दोन पोरं चढली. पांढरे शर्ट घामाने पाठीला चिकटलेले, टाय खिशात कोंबलेला, छातीवर नावाची काळी पट्टी. कार्ल्याची लेणी पाहून येत होते. कामशेतला करवंदं विकणाऱ्या बायका डब्यात आल्या. दोघांतल्या लहानग्याने हिंदीत भाव विचारला, बाईने मराठीत सांगितला, आणि त्याने खिशातून वही काढून लगेच काहीतरी टिपून घेतलं. मी डोकावून पाहिलं तर तेलुगू लिपीत मराठी शब्दांची रांग होती: केवढ्याला, बसा, नको, पाणी, उद्या, येतो. द्रोणातली करवंदं त्याने आधी समोरच्या म्हातारीपुढे धरली, मग जोडीदारापुढे, मग स्वतः खाल्ली.

एक आंध्रचा, दुसरा तमिळनाडूचा, दोघेही मॉर्मन धर्मप्रचारक. मॉर्मन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सोनेरी केसांचा अमेरिकन उभा राहतो. हिंदुस्थानात हे काम करणारी बरीच पोरं आता इथलीच आहेत.

वडगाव येईपर्यंत त्यांनी मला त्यांचा आठवडा सांगितला.

*

तो आठवडा असा असतो. सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवा मालवायचा. सकाळी व्यायाम, प्रार्थना, मग एकट्याचं वाचन आणि जोडीदाराबरोबरचं वाचन, भाषेचा अभ्यास. त्यानंतर बाहेर. रस्त्यावर बोलायचं, कुणी पत्ता दिला असेल तर त्याच्या घरी जायचं, जुन्या सभासदांची विचारपूस करायची, कुणाचं सामान हलवायचं असेल तर हात लावायचा. जोडीदाराला सोडून एकट्याने कुठेही जायचं नाही. जोडीदार आपण निवडायचा नाही, तो नेमून दिला जातो, आणि काही आठवड्यांनी बदलतोही. स्वभाव जुळला नाही तरी एकाच खोलीत राहायचं, एकाच पातेल्यात भात शिजवायचा.

सोमवार बहुधा तयारीचा दिवस. कपडे धुणं, बाजारहाट, केस कापणं, घरी फोन, आणि वेळ उरला तर कार्ला-भाज्यासारखी एखादी चक्कर. संध्याकाळी पुन्हा काम.

मुलांना हे दोन वर्षं, मुलींना अठरा महिने. २०१२ मध्ये मुलांच्या वयाची अट एकोणीसवरून अठरावर आली आणि मुलींची एकविसावरून एकोणिसावर. जगभर असे सत्तर हजारांवर तरुण एका वेळी बाहेर असतात. या कामाचा पगार नसतो. साधारणपणे पोरं आधी साठवलेल्या पैशातून आणि घरचे, मंडळीतले लोक यांच्या मदतीने खर्च भागवतात. प्रेयसी, सिनेमा, कॉलेज, सगळं बाजूला. एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारायची नाही. अठरा वर्षांचं पोरगं सुद्धा ‘एल्डर’ अमुकतमुक.

मी त्या लहानग्याला विचारलं, दिवसभरात कितीजण ऐकून घेतात? तो म्हणाला, एखादा. मग थोडं थांबून म्हणाला, पण पाणी पुष्कळजण देतात.

*

२०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत या पोरांना घरी फोन करायची मुभा वर्षातून दोनदाच होती, नाताळ आणि मातृदिन. बाकी पत्रं, नंतरच्या काळात आठवड्याची ई-मेल. २०१९ पासून दर आठवड्याला बोलता येतं. हा नियम बदलला हे फार बरं झालं. अठराव्या वर्षी पोराला परमुलखात धाडून आईने त्याचा आवाज सहा-सहा महिने ऐकायचा नाही, यात देवाचं काय काम होतं, ते मला कधी समजलं नसतं.

*

चहाचं काय करता, हे विचारल्यावर दोघेही हसले. सगळ्यात अवघड तेच, म्हणाले.

मॉर्मनांना दारू आणि तंबाखू वर्ज्य, आणि चहा-कॉफीही वर्ज्य. जोसेफ स्मिथने १८३३ मध्ये आरोग्याचे जे नियम सांगितले त्यांतून हे आलं. १९२१ पासून त्यांच्या मंदिरात प्रवेश हवा असेल तर ते पाळणं सक्तीचं झालं. पण मावळातल्या घरात माणूस आला की आधी तांब्या-भांडं आणि मागोमाग चहा. ‘नको’ म्हटलं तर ‘अर्धा कप तरी’ होतं. तेही नको म्हटलं तर घरधनीण मनातून खट्टू होते, क्वचित तिला वाटतं, हा आपल्या घरचं खाणार-पिणार नाही. आपल्याकडे कोण कुणाच्या हातचं पितो याला शेकडो वर्षांचा दुखरा इतिहास आहे. आंध्रातल्या त्या पोराला तो इतिहास माहीत असणारच, कारण तो तिथेही आहे. म्हणून ते आता आत पाऊल टाकतानाच ताक मागतात. ताक मागितलं की आजी खूश होते, असा त्यांचा अनुभव. त्यांच्या वरिष्ठांनी लिहिलेल्या कुठल्याही पुस्तकात हे सापडायचं नाही. हे त्यांना कुण्या आजीनेच शिकवलं असणार.

*

कार्ल्याचं चैत्यगृह पाहायला लोक एकवीरेच्या पायऱ्या चढतात आणि देवीचं दर्शन घेऊन बहुतेकजण आत न जाताच उतरतात. आत जाणाऱ्यांनी दारावरचे आणि खांबांवरचे लेख पाहावेत. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या शेठजीने हे लेणं पुरं केलं आणि जंबुद्वीपात याहून उत्तम दुसरं नाही असं अभिमानाने कोरून ठेवलं. धेनुकाकट गावच्या एका गंध्याने, म्हणजे अत्तराचा व्यापार करणाऱ्याने, दाराचा खर्च दिला. त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराने काम केलं. खांब दिले त्यांत यवन आहेत.

तिथलाच एक लेख उषवदाताचा. तो क्षत्रप नहपानाचा जावई, शक. वलूरकच्या लेण्यांत, म्हणजे आजच्या कार्ल्यात, चारी दिशांनी येऊन पावसाळ्याला राहणाऱ्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी करजिक नावाचं गाव त्याने दान दिलं. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरात कुठून कुठून आलेले भिक्षू पावसाळाभर राहत होते, आणि त्यांची पोटापाण्याची सोय एका मावळी गावाच्या उत्पन्नातून होत होती. देणारा शक, घडवणारा सुतार, राहणारे चारी दिशांचे. मावळाला दारात उभा असलेला परका धर्मप्रचारक नवा नाही. उलट त्याच्यासाठी इथे खडक फोडून घर केलं होतं.

*

येशूने आपल्या शिष्यांना दोघादोघांनी पाठवलं. मॉर्मनांची जोडी त्यातूनच आली. बुद्धाने आपल्या पहिल्या साठ भिक्षूंना नेमकं उलट सांगितलं होतं: दोघांनी एका वाटेने जाऊ नका. जितक्या वाटा, तितक्यांवर माणूस पोचावा हा त्यामागचा हेतू.

दोन्हींत शहाणपण आहे. जोडीने गेलेल्याला धीर असतो, मोह आवरायला साक्षीदार असतो, आजारी पडला तर पेज करून द्यायला माणूस असतो. एकट्याने गेलेल्याला मात्र समोरच्या गावाशी बोलावंच लागतं, कारण दुसरं बोलायला कुणी नसतं. फिंडले एकटा होता म्हणूनच मराठी शिकला, असं मला वाटतं. पुढे १८५३ मध्ये त्याचा भाऊ ॲलन मदतीला आला आणि बेळगावकडे गेला.

*

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैत समोरचं घर दिसत नाही. बौद्धांनी वर्षावास ठरवला तो काही उगाच नाही. जैन साधू-साध्वींचाही चातुर्मास असतो. चार महिने एका जागी मुक्काम. बाकी आठ महिने ते चालतात. पहाटे जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने निघालात तर दिसतील: पांढरी वस्त्रं, अनवाणी पाय, हातात दांडा, बाजूने ट्रक सुसाट. त्यांत विशी-पंचविशीच्या साध्वीही असतात. आपल्या पंथात या, असं त्या कुणाला सांगत नाहीत. त्यांचं चालणं हेच त्यांचं सांगणं. रस्ता त्यांच्यासाठी सुरक्षित करायला आपण काही केलेलं नाही, ही मात्र शरमेची गोष्ट आहे. एक साधी कठडा घातलेली पायवाट एवढंच लागतं.

मॉर्मन पोरांना चातुर्मास नाही. आठवड्याची ठरलेली कामं पावसातही करायची. छत्र्या घेऊन निघतात, भिजलेले बूट रात्री वर्तमानपत्र कोंबून सुकवतात.

*

आमच्या भागात सप्ताह बसला की सात दिवस गाव बदलून जातं. काकड्यापासून जागरापर्यंत विणा खाली ठेवत नाहीत. रोज रात्री कीर्तन, आणि हल्ली कीर्तनकार पुष्कळदा विशीतला. आळंदीत शिकून आलेला. विष्णुबुवा जोगांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे पोरं गाथा, ज्ञानेश्वरी पाठ करतात, मृदंग शिकतात, मधुकरी मागून राहण्याची परंपरा तिथे जुनी आहे. ही आमच्याकडची अठरा-एकोणीस वर्षांची धर्मप्रचारक मुलं. पंचक्रोशीत एकापाठोपाठ एक सप्ताह, रोज नवं गाव, रोज परकं अंथरूण. त्यांचाही आठवडा कठीणच.

पण फरक आहे, आणि तो मोठा आहे. कीर्तनकाराला गाव बोलावून नेतं. मंडप त्याच्यासाठी घातलेला असतो. समोर बसलेल्या म्हाताऱ्याला अभंग आधीच पाठ असतो, बुवा चुकला तर तो हळूच पुढचा चरण सांगतो. त्याला पटवायचं कुणाला नसतं. जे सगळ्यांना माहीत आहे तेच पुन्हा जिवंत करून द्यायचं असतं. मॉर्मन पोराला ज्या दारात उभं राहायचं आहे तिथे त्याचं काहीच नाही. ना अभंग, ना मंडप. तिथे रोज उभं राहायचं आणि रोज ‘नको’ ऐकायचं, आणि दुसऱ्या दिवशी तसंच नीट भांग पाडून पुन्हा निघायचं. एकोणिसाव्या वर्षी हे जमणं सोपं नाही. त्या वयात मला कुणी एकदा ‘नाही’ म्हटलं तर आठवडाभर लागून राहायचं.

*

फिंडले मुंबईत उतरला त्याच वर्षी तिकडे अमेरिकेतल्या युटात, जिथे मॉर्मन तोवर स्थायिक झाले होते, एक गोष्ट घडली. १८५२ च्या ऑगस्टअखेर सॉल्ट लेक सिटीत एक खास परिषद भरली. २८ तारखेला हिंदुस्थानासह जगभर पाठवायच्या प्रचारकांची नावं जाहीर झाली, आणि २९ तारखेला पंथाने बहुपत्नीकत्व उघडपणे मान्य केलं. म्हणजे ज्यांना पाठवायचं ठरवलं त्यांच्या वाटेत दुसऱ्याच दिवशी काटे पेरले. हिंदुस्थानासाठी नेमलेले नऊजण ‘मॉन्सून’ नावाच्या जहाजाने १८५३ च्या २६ एप्रिलला कलकत्त्याला पोचले. बातमी मागोमाग पोचलीच. वर्तमानपत्रं आणि इतर पंथांचे पाद्री तुटून पडले. जे सांगायला आलो ते बाजूलाच राहिलं, रोज खुलासे देण्यात दिवस जाऊ लागले.

चिडले होते ते मुख्यतः युरोपीय. मराठी मुलखाला बहुपत्नीकत्वाचा धक्का बसायचं कारण नव्हतं. आपल्याच वाड्यांतून दोन-दोन बायका नांदत होत्या, रडत होत्या. मुंबई इलाख्यात हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला कायद्याने बंदी आली ती १९४६ मध्ये, देशभर १९५५ मध्ये. मॉर्मन पंथाने आपली ती रूढी अधिकृतपणे १८९० मध्ये सोडली. त्यांच्या प्रथेवर आजही टवाळी करणाऱ्यांनी ही सालं शेजारी शेजारी मांडून पाहावीत.

*

रविवारी त्यांची उपासना. पाव आणि पाणी वाटतात; द्राक्षारस नाही, पाणी. पहिल्या रविवारी उपवास: दोन वेळचं जेवण सोडायचं आणि त्या जेवणाचे पैसे गरजवंतांसाठी द्यायचे. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी आणि वर बटाट्याचा कीस चापणाऱ्या आपल्या घरांनी हे उचलायला हरकत नाही.

*

आता जे मनात सलतं ते लिहितो.

फिंडलेने १८५५ मध्ये मराठी लोकांना उद्देशून एक पुस्तिका काढली, मराठीतही. विषय खऱ्या आणि जिवंत देवाचा. दुसऱ्याच्या दारात उभं राहून खरा देव कोणता ते सांगायचं, म्हणजे त्याच्या देव्हाऱ्यातला खोटा आहे हे न बोलता सांगणं झालं. मला इथे त्याचं पटत नाही. विठ्ठल, खंडोबा, एकवीरा यांच्याशी ज्यांचं लेकीसुनांसारखं भांडणतंटा, मानपान चालतं त्यांना ‘जिवंत देव’ म्हणजे काय हे कुणी बाहेरून येऊन शिकवायला नको होतं.

पुण्यात त्याने जी लहानशी मंडळी उभी केली तिच्यात युरोपीय होते, युरेशियन होते, काही देशी माणसंही होती. त्याच वर्षी, १८५५ मध्ये, फिंडले परत गेला. १८५६ पर्यंत हिंदुस्थानातलं सगळं मिशन आवरलं. काहीजण त्यांच्याबरोबर जहाजाने युटाला गेले. ज्यांना जाता आलं नाही ते इथेच राहिले.

मिशनरी येतो आणि जातो. त्याच्या दोन वर्षांना आरंभ आहे आणि शेवट आहे. तो घरी परतला की त्याचं स्वागत होतं, कॉलेज सुरू होतं, लग्न होतं. फिंडलेची रोजनिशी १९७३ मध्ये युटात छापली गेली. पण ज्याने त्याचं ऐकून बाप्तिस्मा घेतला त्याचं खरं आयुष्य मिशनरी गेल्यावर सुरू होतं, त्याच गल्लीत, त्याच पाणवठ्यावर, त्याच भावकीत. १८५४ मध्ये बाबा पदमनजींनी बेळगावात बाप्तिस्मा घेतला, तेव्हा घरादारापासून तुटणं काय असतं हे त्यांनी भोगलं आणि ‘अरुणोदया’त लिहूनही ठेवलं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ती ताटातूट ‘स्मृतिचित्रे’त जशी सांगितली आहे तशी मराठीत दुसऱ्या कुणी सांगितलेली नाही. त्या पुस्तकात धर्म बदलण्याचा निर्णय एकाचा आहे आणि किंमत सगळ्या घराने मोजलेली आहे. दोघांनी मिळून त्यातून नवं घर उभारलं हेही खरं. पण मधली वर्षं गेली ती गेलीच.

एकोणीस वर्षांच्या पोराला हे कळतं का? त्याला शिकवणाऱ्यांनी हे शिकवायला हवं. प्रचाराला निघणाऱ्या प्रत्येक तरुणाच्या हाती, मग तो कुठल्याही पंथाचा असो, आधी ‘स्मृतिचित्रे’ द्यावं असं मला मनापासून वाटतं.

*

संविधानाच्या २५ व्या कलमात धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रचार करण्याचं स्वातंत्र्य आहे. ‘प्रचार’ हा शब्द ठेवावा की नाही यावर संविधानसभेत १९४८ च्या डिसेंबरात कडाडून वाद झाला आणि शब्द राहिला. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं की प्रचार करण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. हक्काच्या या दोन कडा आहेत. बोलायचं स्वातंत्र्य त्याला, ‘नको’ म्हणायचं आपल्याला, आणि ‘हो’ म्हणायचंही आपल्यालाच. शेजारच्याने ‘हो’ म्हटलं तर तो त्याचा प्रश्न; गावाने त्याची वाट अडवायची नाही, दळण-पाणी बंद करायचं नाही. तसंच औषध, शाळेची फी किंवा नोकरी पुढे करून कुणी ‘हो’ काढून घेत असेल तर तो प्रचार नव्हे, तो सौदा. त्याला विरोध करणं रास्तच आहे.

*

वडगावला मी उतरताना तो लहानगा वहीत बघून ‘येतो’ म्हणाला. ‘येतो’ जाणाऱ्याने म्हणायचं, तू ‘या’ म्हण, असं मी सांगितलं. त्याने तेही लिहून घेतलं.

*

मावळातल्या, लोणावळ्यातल्या, पुण्यातल्याही वाचकांना एक विनंती. अशी पोरं दारात आली तर ऐकायचं नसेल तेव्हा तोंडावर स्पष्ट ‘नको’ म्हणा. त्यांना त्याची सवय आहे, आणि खोटं ‘उद्या या’ म्हटल्याने त्यांचा दुसरा दिवस फुकट जातो. वाद घालायचा असेल तर बसवून घाला, आपला धर्म आपल्याला जितका येतो तितका सांगा, त्यांनाही ऐकायला लावा. मोबाईलवर चित्रीकरण करू नका, गर्दी जमवू नका, अंगाला हात लावू नका. ती कुणाची तरी लेकरं आहेत आणि सोमवारी आईला फोन करणार आहेत. चहाचा आग्रह करू नका. पाणी द्या, घरात असेल तर ताक द्या.